सातच्या कुळातली चौदाशे त्रेसष्ट

"ती फोनवर येत नाही म्हणते," होस्टेलच्या अधीक्षिका ताई माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. हातातला मोबाईल त्यांनी तळहाताने झाकून धरला होता. "बाप वेरावळवरून बोलतोय. काय सांगू?"

रविवार होता. मी कपडे पिळत होते.

"आंघोळीला गेलीय सांगा."

"पहिल्या वेळी तेच सांगितलं. आता दुसऱ्यांदा लावलाय त्याने."

मी हात पुसून फोन घेतला. पलीकडे वारा आणि माणसांचा गलका होता.

"बाई, पोर आजारी हाय का?"

"नाही, बरी आहे."

"मंग बोलत का नाय? दिवाळीला आलो नाय म्हणून रुसली का?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

"बुधवारी सकाळी बोट परत जाते," तो म्हणाला. "मंग वीस-पंचवीस दिवस रेंज नाय. मंगळवारी दुपारी लावतो. तेवढं बोलायला सांगा तिला. लई नको, दोन शब्द." मग म्हणाला, "मी काय केलं काय तिला?"

ही २०१६-१७ च्या वर्षातली गोष्ट. मी डहाणू तालुक्यात, सायवनच्या पुढे, एका निवासी शाळेत गणित शिकवत होते. माझं गाव झरी, तलासरी तालुका. आमच्या पाड्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि तेही गणितात. हे मी कुठेही सांगते, मला त्याचा संकोच वाटत नाही. आमच्या भागातली गणित शिकलेली बाई म्हटलं की लोक आधी पायांकडे बघतात, चप्पल आहे का, आणि मग तोंडाकडे.

मुलीचं नाव दर्शना. आठवीत होती. तिचे वडील खलाशी, म्हणजे मासेमारीच्या बोटीवर तांडेलाच्या, बोटीच्या प्रमुखाच्या, हाताखाली कामाला. डहाणू-तलासरीची पुष्कळ माणसं अशी पाऊस संपला की गुजरातच्या बंदरांवर जातात. बोट पाण्यात असली की फोन लागत नाही. बंदराला लागली की दोन-तीन दिवस घरी फोन होतात. होस्टेलच्या मुलींचे फोन अधीक्षिका ताईंच्या मोबाईलवर येत. एरवी दर्शनाचा फोन आला की ती ताट सोडून पळायची.

ती मागच्या ओट्यावर बसली होती. मी शेजारी बसले.

"काय झालं गं?"

"काय नाय."

"बाबांशी बोलायचं नाही?"

तिने वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली. पान भागाकारांनी भरलेलं होतं. वर एक दहा अंकी संख्या. खाली तिला सातने भागलेलं, अकराने भागलेलं, एकोणीसने भागलेलं. तिन्ही ठिकाणी बाकीला लाल पेनने गोल केलेला.

"हा बाबांचा नवीन नंबर," ती म्हणाली. "आमच्या कुळातला नाय."

हे कुळ मीच शिकवलं होतं.

आता थोडं गणित सांगते. घाबरू नका, पाचवीपर्यंतचंच आहे. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा. बाकीच्या सगळ्या संख्या या मूळ संख्यांच्या गुणाकारातून होतात. पंधरा म्हणजे तीन गुणिले पाच. दोन संख्यांना एकही मूळ अवयव सामाईक नसेल तर त्या सहमूळ. आठ आणि पंधरा सहमूळ आहेत. सहा आणि पंधरा नाहीत, दोघांत तीन आहे.

हे मुलांच्या डोक्यात शिरत नव्हतं. 'सहमूळ' शब्दात 'सह' आहे, म्हणून त्यांना वाटायचं की काहीतरी एकत्र असणार. असतं उलटंच. तेव्हा मी कुळाचं उदाहरण काढलं. आमच्याकडे लग्नाची बोलणी करताना आधी कुळ विचारतात. कुळ एकच निघालं तर पाहुणे चहा पितात आणि उठतात. मी म्हटलं, मूळ अवयव म्हणजे संख्येचं कुळ. सहा आणि पंधरा तीनच्या कुळातले, त्यांचं जमत नाही. आठ आणि पंधरा, कुळं वेगळी, बोलणी पुढे करा. वर्ग हसला. त्या दिवसानंतर सहमूळ संख्या कोणी चुकलं नाही. मी स्वतःवर खूश होते.

मुलींनी ते होस्टेलात नेलं. प्रत्येकीला शाळेचा रजिस्टर नंबर असतो, तो पेटीवर आणि ताटावर रंगवलेला असतो. सगळ्यांनी आपापल्या नंबरांची कुळं काढली. दर्शनाचा नंबर १४६३. म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले एकोणीस. "हिला तीन कुळं!" म्हणून तिला चिडवून झालं. तेव्हा तिने वडिलांचा मोबाईल नंबर भागून बघितला. सातने पूर्ण भाग गेला. त्या दिवसापासून ती स्वतःला सातची म्हणवायची, आणि कोणाचं ऐकायची नाही.

नोव्हेंबरात वडिलांचा नंबर बदलला. नवीन नंबर, गुजरातचं कार्ड. त्याआधी दिवाळीलाही तो आला नव्हता. होस्टेलच्या मुली काय बोलल्या ते मला अधीक्षिका ताईंनी नंतर सांगितलं. "तुझ्या बापाने तिकडं दुसरं घर केलं." मुली बोलतात, आणि खेळायला निघून जातात.

"जुन्यात सात होता, बाई," दर्शना म्हणाली. "नव्यात नाय. अकरा पण नाय, एकोणीस पण नाय."

"अगं, नंबर कंपनी देते. त्याचा आणि माणसाचा काय संबंध?"

"मग पेटीवरचा नंबर शाळा देते. त्याचं कुळ तुम्हीच काढायला शिकवलं."

तिचं बरोबर होतं.

"मग त्यांचं नवीन कुळ कोणतं?" तिने विचारलं. "कोणाच्या घरात गेले?"

सोमवारी सकाळी मी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेले. शाळेतला चालू कॉम्प्युटर तिथेच होता.

"सर, अर्धा तास कॉम्प्युटर हवाय."

"कशाला? रिझल्टचा फॉरमॅट अजून आला नाही."

"एक संख्या मूळ आहे का बघायचंय."

त्यांनी चष्मा खाली केला. "मॅडम, आठवीला मूळ संख्या नाहीत. ते मागेच झालं."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत गेले, तसे गंभीर झाले.

"कुळ बिळ कशाला आणलंत वर्गात? उद्या कोणी तक्रार केली तर?"

"आणलं खरं. आता निस्तरते."

"निस्तरा. पण प्रिंट मारू नका, टोनर संपलाय."

माझ्या मनात काय होतं ते सांगते. दहा अंकी संख्या. वहीत दर्शनाने आणखीही करून बघितलं होतं. शेवटचा अंक सात, म्हणजे दोनचा आणि पाचचा भाग जात नाही. अंकांची बेरीज एकेचाळीस, म्हणजे तीनचा जात नाही. एकाआड एक अंकांच्या बेरजा पंचवीस आणि सोळा, फरक नऊ, म्हणजे अकराचा जात नाही. पण तेरा, सतरा, तेवीस, कुठेतरी जाईल. आणि तो अवयव एखाद्या मैत्रिणीच्या रजिस्टर नंबरात असेल, किंवा तिच्या आईच्या फोनात असेल, मग मी म्हणेन, बघ, इथेच आहेत ते. संख्या मोठी असली तर काहीतरी सापडतंच, असा माझा हिशोब होता.

एवढी मोठी संख्या मूळ आहे का हे बघायला साधारण नव्वद हजारांपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागावं लागतं. अशा संख्या साडेआठ हजारांवर आहेत. हाताने करायला एक वर्ष. मी कॉलेजात शिकलेला आठ ओळींचा प्रोग्राम लिहिला, नंबर टाकला, एंटर दाबलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. एकही अवयव नाही. मूळ संख्या.

मी परत टाकून बघितला. तेच.

दुपारी ओट्यावर दर्शनाला सांगितलं. आधी आनंदानेच सांगितलं. "बघ, बाबा कोणाच्या घरात गेलेले नाहीत. हा नंबर मूळ आहे. याला कोणाचंच कुळ नाही."

तिने ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ते एकटेच आहेत?"

मी उगाच बोलले असं वाटलं. खोटं सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण या मुलीने दुसऱ्या दिवशी तेराने भागून बघितलं असतं, आणि मग तिने माझं गणितही ऐकलं नसतं.

अधीक्षिका ताई तिथेच तांदूळ निवडत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "काय गं, तुझ्या आयशीचं आणि बापाचं कुळ एक आहे काय?"

"नाय," दर्शना म्हणाली. "एक असतं तर लग्न कसं झालं असतं?"

"मग तू कुठून आलीस?"

ताई माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमच्या फळ्यावर कुळ वेगळं म्हणजे लग्न जमतं. हिच्या वहीत कुळ वेगळं म्हणजे परका. दोन्ही तुम्हीच शिकवलंय?"

त्या दहावी नापास होत्या. मी बीएस्सी. मला तिथे एकदम एक जुनी गोष्ट आठवली, कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलेली. तेव्हा परीक्षेपुरती पाठ केली होती.

मी खडूने ओट्यावर रेघ ओढली. "हे बघ. एक जण सहा-सहाच्या ढांगा टाकतो. सहा, बारा, अठरा, चोवीस. दुसरा नऊ-नऊच्या टाकतो. नऊ, अठरा, सत्तावीस. दोघे एकाच कुळातले, तीनच्या. एकमेकांच्या किती जवळ येतात?"

तिने खुणा केल्या. "अठराला भेटतात."

"भेटतात तेव्हा भेटतात. पण भेटत नाहीत तेव्हा?"

ती मोजत राहिली. "तीन. तीनच्या आत येत नाय."

"कधीच येणार नाहीत. कुळ मध्ये येतं. आता पाच आणि सात घे. कुळं वेगळी."

तिने रेघ लांबवली. पाच, दहा, पंधरा. सात, चौदा. चौदाला खूण केली आणि थांबली. "एक. चौदा आणि पंधरा."

"सहमूळ संख्या असल्या की असं होतंच. आज ना उद्या त्यांच्यात एकाचंच अंतर उरतं. पाच-सात असो की कितीही मोठ्या असो."

"बाबांचा नंबर पण?"

"तोही."

"दाखवा."

हे मात्र करून दाखवायला हवं होतं. नुसतं सांगून तिने मानलं नसतं, आणि मला ते आवडलं. पद्धत तिला येत होती. भागाकाराने मसावि काढायचा. मोठ्या संख्येला लहानने भागा, मग लहानला बाकीने भागा, मग त्या बाकीला पुढच्या बाकीने. शेवटी जे उरतं, तेवढंच दोघांत सामाईक.

जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीमागे आम्ही बसलो. तिने आधी कोपऱ्यात १४६३ चा पाढा लिहून घेतला, नऊपर्यंत. मग वडिलांच्या नंबराला भागायला घेतलं. दोनदा चुकली, दोनदा खोडलं. पहिली बाकी आली १७४. मग १४६३ ला १७४ ने भागलं, उरले ७१. मग ३२. मग तिने एकदम मान वर केली.

"बाई, सात!"

खरंच बाकी सात आली होती. तिचा चेहरा असा उजळला की मला पुढे म्हणायला जीभ वळेना.

"पुढचं कर."

"राहू द्या ना."

"पुढचं कर, दर्शना."

बत्तीसला सातने भागलं. उरले चार. मग तीन. मग एक. तिने पेन खाली ठेवलं. त्या एकाभोवती गोल केला नाही.

"आता उलटं जायचं," मी म्हटलं. त्याच बाक्या धरून खालून वर चढत गेलं की समजतं, कोणी किती पावलं टाकली की अंतर एक उरतं. ते मी केलं, तिच्यासमोर, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत. उत्तर आलं ४१२. वडिलांच्या नंबराला ४१२ ने गुणायचं, आणि १४६३ ने भागायचं.

"हे तू कर. मी मदत करणार नाही."

गुणाकार तेरा अंकी आला. भागाकाराला दोन पानं लागली. मुली पाण्याला गेल्या, परत आल्या, एक-दोघी मागे उभ्या राहिल्या. ज्यांनी चिडवलं होतं त्यांतलीही एक होती. तिने विचारलं, "काय चाललंय?" दर्शना म्हणाली, "गप. शून्य उतरवतेय."

शेवटची बाकी आली, एक.

ती म्हणाली, "म्हणजे बाबांच्या चारशे बारा ढांगा. आणि माझ्या किती?"

मी भागाकार दाखवला. अडीचशे कोटींच्या आसपास.

"अडीचशे कोटी? बाई, हे बरोबर नाय. सगळं मीच चालू?"

"त्यांची ढांग मोठी आहे."

"मोठीच आहे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "जुन्या नंबराने किती जवळ आले असते?"

"सात. सातच्या आत नाही."

तिने जुनं पान काढलं, जिथे सातचा भाग गेला होता, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली. अधीक्षिका ताई सूप घेऊन उठल्या आणि जाताना म्हणाल्या, "उद्या दुपारी माझा मोबाईल चार्जिंगला लावून ठेवते. कोणी हात लावायचा नाही."

मंगळवारी जेवणानंतरच्या पहिल्या तासाला फोन आला. मुख्याध्यापक स्वतः वर्गाच्या दाराशी आले आणि म्हणाले, "त्या मूळ संख्येचा फोन आहे." वर्गाला काही कळलं नाही. दर्शना उठली, चालत गेली, मग पळाली. मी मागे गेले. ताईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण त्याचा कानाचा भाग बिघडला होता.

"बाबा."

"बोल बाय."

"बाबा, तुमचा नंबर मूळ आहे."

"काय हाय?"

"मूळ. त्याला कोणाचा भाग जात नाय."

"जुना फोन दर्यात पडला बाय. जाळं ओढताना खिशातनं गेला. तांडेलानं हे कार्ड दिलं." घाबरल्यासारखा म्हणाला, "वाईट हाय का नंबर? बदलू?"

"नको, नको! मी सगळं गणित केलंय त्याचं. दोन पानं."

"मंग राहू दे."

"चारशे बारा वेळा तुम्ही आलात की एकच अंतर राहतं."

काय समजला कोण जाणे. "चारशे बारा नाय बाय," तो म्हणाला, "शिमग्याला एकदाच येतो. जेवलीस का?"

"जेवले."

"काय होतं?"

"डाळ-भात. बाबा, तिकडं तुमच्यासोबत कोण राहतं?"

मी आणि ताईंनी एकमेकींकडे बघितलं.

"कोण? आपल्या वेवजीचे दोघे, तांडेल, आणि बोटीवरचे बाकी चौघे. आठ जणांत एक स्टोव्ह. कोण राहणार?" तो हसला. "तुझी आय पण कालच हेच विचारत होती. तुम्हा दोघींना झालंय काय?"

दर्शनाने फोनजवळ तोंड नेलं. "काय नाय. तुम्ही जपून ओढा जाळं."

"व्हय."

मग आणखी दहा मिनिटं बोलली. काय ते मी ऐकलं नाही. माझा तास चालू होता.

शिमग्याला तो आला, सांगितलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा. मुलीला न्यायला शाळेत आला तेव्हा सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. स्टाफरूम आठवडाभर त्या वासात होती. जाताना म्हणाला, "बाई, पोर सांगते माझा नंबर चांगला हाय म्हणून. खरं का?"

"खरं."

"मंग हाच ठेवतो," तो म्हणाला, आणि मुलीची पेटी खांद्यावर घेतली.

कुळाचं उदाहरण मी सोडलेलं नाही. दुसरं कुठलंही उदाहरण आमच्या मुलांना एवढ्या लवकर कळत नाही. फक्त तास संपायच्या आधी एक वाक्य वाढवलंय की हे संख्यांचं आहे, माणसांचं नाही. मुलं मान हलवतात, आणि आठवड्याभरात कोणाचे ना कोणाचे नंबर भागून घेऊन येतात. तेव्हा भागाकार बरोबर आहे का हे मी नंतर बघते. आधी विचारते, नंबर कोणाचा, आणि शेवटचा फोन कधी आला होता.